कैलाशचंद्र महिंद्रा आणि चारी चाकांची गाडी

सोलापूरचा पाऊस स्वभावाने कृपण आहे. परंतु भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास त्यास एखादे वेळी औदार्याची लहर येते, आणि मग आपल्या काळ्या जमिनीची काय अवस्था होते हे आमच्या शेतकरी पालकांस सांगावयास नको. अशाच एका दिवशी अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत मी काही कामानिमित्त गेलो होतो. मुख्य रस्ता पक्का असला तरी एका कारखान्याच्या मागील अंगास जाणारी वाट कच्ची होती, आणि त्या वाटेवर टॉवेलांचे गठ्ठे भरलेली एक पिकअप गाडी रुतून बसली होती. मागचे डावे चाक गरगर फिरून चिखलाचे फवारे उडवीत होते; उरलेली तीन चाके मात्र समाधिस्थ योग्यांप्रमाणे निश्चल होती. गाडीच्या पाठीवर ४×४ ही अक्षरे मोठ्या दिमाखाने झळकत होती! चालक माझाच एक माजी विद्यार्थी निघाला. ओशाळून त्याने सांगितले की, चारी चाकांना जोर मिळतो म्हणून कर्ज काढून ही जुनी गाडी घेतली. माल संध्याकाळच्या आत पोचला नाही तर आजचे भाडे बुडणार. आणि ऐन वेळी ही गाडी एका चाकाची झाली आहे.

तेवढ्यात शेजारच्या गॅरेजातील एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनी प्रथम इंजिन बंद करावयास लावले. फावड्याने चाकांपुढचा चिखल दूर केला, टायरांतील हवा जराशी सोडली, आणि मग गिअरच्या दांड्याशेजारचा दुसरा एक लहान दांडा मुलास दाखविला. तो कशासाठी आहे हे त्यास ठाऊकच नव्हते; गाडी घेतल्यापासून त्याने त्यास हात लावला नव्हता. मिस्त्रींनी तो दांडा ओढून दिला. गाडी हळूहळू, जणू काही झालेच नाही अशा शांतपणे, वर आली.

त्या लहान दांड्याचा आपल्या देशाशी संबंध ज्यांनी जोडून दिला त्या कैलाशचंद्र महिंद्रा यांचे आडनाव आज हजारो गाड्यांच्या तोंडावर लिहिलेले असते. रोज वाचले जाणारे नाव बहुधा कोणाचे तरी होते हेच आपण विसरतो. आमच्या मुलांपैकी कित्येकांस महिंद्रा हे एखाद्या धातूचे किंवा गावाचे नाव वाटते, असा माझा वर्गातील अनुभव आहे. म्हणून या पुरुषाचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे. आणि ओघाने त्या दांड्याचे मर्मही सांगावे लागेल, कारण एक सोडून दुसरे सांगता येत नाही.

कैलाशचंद्रांचा जन्म १८९४ साली पंजाबातील लुधियाना या गावी झाला. नऊ भावंडांत ते दुसरे. सर्वांत वडील जगदीशचंद्र. त्यांचा जन्म १८९२ चा. मुले लहान असतानाच पित्याचे छत्र हरपले आणि घराचा भार जगदीशचंद्रांच्या खांद्यावर पडला. अशा प्रसंगी वडील मुलाने नोकरी धरावी व धाकट्यांनी हाती लागेल तो धंदा करावा, ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत. जगदीशचंद्रांनी तसे होऊ दिले नाही. स्वतः मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रविद्या शिकून त्यांनी भावंडांच्या शिक्षणाची काळजी वाहिली, आणि धाकट्या कैलाशचंद्रांस थेट विलायतेस केंब्रिजला पाठविले. पुढे ते टाटांच्या पोलाद कारखान्यात विक्रीखात्याचे मोठे अधिकारी झाले, आणि दुसऱ्या महायुद्धात सरकारने त्यांस देशाचे पोलाद नियंत्रक नेमिले. कैलाशचंद्रांचे चरित्र लिहिणाऱ्याने या वडील बंधूस दोन ओळींत वाटेस लावणे बरे नव्हे. पुढे जे काही उभे राहिले त्याचा पाया एका भावाच्या त्यागावर घातला गेला होता.

कैलाशचंद्र मूळचे विद्याव्यासंगी. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात त्यांनी नाव मिळविले, केंब्रिजमध्ये उत्तम श्रेणीत परीक्षा दिली, आणि परत येऊन कलकत्त्याच्या मार्टिन आणि कंपनीत नोकरी धरली. तेथील सूत्रधार सर राजेंद्रनाथ मुखर्जी हे त्या काळी बंगालमधील उद्योगाचे अग्रणी होते. कलकत्त्याची व्हिक्टोरिया मेमोरियल ही इमारत त्यांच्याच कंपनीने बांधली. त्यांच्या सहवासाचा तरुण कैलाशचंद्रांवर एवढा परिणाम झाला की त्यांनी पुढे राजेंद्रनाथांचे चरित्रच लिहिले. काही काळ त्यांनी नियतकालिकांच्या संपादनाचेही काम केले. लेखणी धरणारा हा गृहस्थ पुढे मोटारी जोडील असे तेव्हा कोणी भाकीत केले असते तर ते थट्टेवारी गेले असते.

दैवाने त्यांस अमेरिकेस नेले. १९४२ साली वॉशिंग्टन येथील भारतीय पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. युद्ध भडकलेले, हिंदुस्थानास लागणारी यंत्रे, वाहने, पोलाद अमेरिकेतून मिळवावयाचे, अशी ती कामगिरी होती. त्या निमित्ताने अमेरिकेचे अवाढव्य कारखाने त्यांनी जवळून पाहिले, आणि तेथेच त्यांची गाठ बार्नी रूस या यंत्रशास्त्रज्ञाशी पडली. हे रूस विलिस-ओव्हरलँड या मोटारकंपनीचे मुख्य यंत्रशास्त्रज्ञ. त्यांच्या हाताखालून निघालेल्या गाडीचे नाव जीप.

जीपची जन्मकथा मोठी मौजेची आहे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या लष्कराने १३५ कंपन्यांस पत्रे धाडून, चारी चाकांनी ओढणारी एक हलकी गाडी पाहिजे, आणि नमुना ४९ दिवसांत पाहिजे, असे कळविले. बहुतेकांनी हे अशक्य म्हणून सोडून दिले. बँटम नावाच्या एका डबघाईस आलेल्या लहान कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या यंत्रशास्त्रज्ञास बोलावले. त्याने दोन दिवसांत आराखडा काढला, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदतीच्या आत, नमुना लष्कराच्या दारात उभा राहिला. मागाहून विलिस व फोर्ड यांनी आपापले नमुने केले. विलिसच्या गाडीचे इंजिन सर्वांत जोमदार, परंतु वजन लष्कराच्या मर्यादेहून अधिक. तेव्हा रूस यांनी ती गाडी सुटी करून एकेका भागाचे वजन घटविले. लांब बोल्ट कापून आखूड केले, एवढेच काय, रंगाच्या थराचाही हिशेब धरला. त्यांच्या ६० अश्वशक्तीच्या त्या लहानशा इंजिनाची पुढे जगभर कीर्ती झाली. युद्ध संपेपर्यंत विलिस व फोर्ड या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. बिचाऱ्या बँटमच्या वाट्यास मात्र फारसे काही आले नाही. इतिहास प्रथम धावणाऱ्यास नेहमीच पारितोषिक देतो असे नाही.

आता या गाडीत एवढे विशेष ते काय? येथे वाचकांनी थोडे धीर धरून माझ्याबरोबर गाडीखाली वाकून पाहावे.

इंजिनात कितीही शक्ती असली तरी ती जमिनीस पोचते ती टायर जेथे भुईस टेकतो तेथे, पंजाएवढ्या जागेतून. तेथे जेवढी पकड मिळेल तेवढाच जोर उपयोगी; त्याहून अधिक दिला की चाक जागच्या जागी फिरते. ही पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते: जमीन कशी आहे, आणि त्या चाकावर भार किती आहे. साध्या पिकअप गाडीस जोर मागच्या दोन चाकांना मिळतो. पण गाडी रिकामी असली म्हणजे इंजिनाचा भार पुढे आणि पाठ हलकी. ज्या चाकांनी ढकलावयाचे त्यांच्यावरच भार नाही! भरलेल्या गाडीची पकड वाढते खरी, पण मऊ भुईत ती खोलवर रुतते. पिकअप चालविणाऱ्याची ही दुहेरी अडचण आहे.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. गाडी वळताना आतले चाक कमी अंतर जाते, बाहेरचे अधिक. दोन्ही चाके एकाच लोखंडी आसास घट्ट बांधली तर वळणावर टायर घासतील. म्हणून मधोमध एक दंतचक्रांची पेटी असते. तिला आपले मिस्त्री डिफरन्शियल म्हणतात. तिचे काम कळावयास बैलगाडीचे जू डोळ्यांपुढे आणावे. जू मध्यभागी दांडीस बांधलेले असते, आणि त्याच्या दोन टोकांस दोन बैल. एक बैल पाय घसरून मागे पडला की जू त्या बाजूस फिरते, आणि दुसरा बैल कितीही बळकट असला तरी त्याचे बळ वाया जाते. कारण मधल्या खुंट्याभोवती फिरणाऱ्या जुवावर दोन्ही टोकांची ओढ सारखीच राहणार. डिफरन्शियलचा स्वभाव नेमका हाच. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक चिखलात असून त्यास काहीच पकड नसेल, तर कोरड्या भुईवरील चाकासही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, जोर मिळतो. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीचे एक चाक फिरत होते आणि तीन उभी होती, त्याचे कारण हे होते. गाडी बिघडलेली नव्हती; ती आपल्या स्वभावधर्माने वागत होती.

चारी चाकांच्या गाडीत गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी जोडलेली असते. इंजिनाचा जोर ती मागच्या आसाबरोबर पुढच्या आसासही पोचविते. तो लहान दांडा या पेटीचा. विलिसच्या जुन्या जीपमध्ये असे दोन लहान दांडे होते. एकाने पुढची चाके जोडावयाची, दुसऱ्याने वेगाची पट्टी बदलावयाची. आजच्या काही गाड्यांत दांड्याऐवजी फिरविण्याची कळ असते, परंतु आतील व्यवहार तोच. पहिल्या स्थितीत गाडी दोन चाकांवर धावते. दुसरीत चारही चाकांना जोर मिळतो, वेग नेहमीचा राहतो. तिसरी स्थिती लो या नावाने ओळखली जाते; हिच्यात चाकांचा वेग पुष्कळ कमी होतो आणि त्याच प्रमाणात जोर वाढतो. युद्धानंतर नागरिकांसाठी निघालेल्या जीपमध्ये हे प्रमाण सुमारे अडीच पट होते. घसरत्या चढावर किंवा चिखलातून वर येताना हाच सावकाश चालणारा जोर कामास येतो. आणि अवघड उतारावर तर याचे मोल फार, कारण इंजिन स्वतःच गाडीस मागे खेचून धरते व ब्रेकवर सारा भार पडत नाही.

मग ही चाके नेहमीच जोडून का ठेवू नयेत, असा प्रश्न हुशार मुलगा विचारील. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. जीपसारख्या गाडीत पुढचा व मागचा आस एकत्र जोडला की दोघांना एकाच गतीने फिरणे भाग पडते. चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. डांबरी रस्त्यावर ती घसरत नाहीत, आणि सारा ताण आतील दंतचक्रांवर व शाफ्टांवर पडतो. सुकाणू जड होते, टायर झिजतात, आणि शेवटी पेटी मोडते. तेव्हा दांडा कधी ओढावा याइतकेच तो कधी परत ढकलावा हेही कळले पाहिजे. रुतल्यावर धावाधाव करण्यापेक्षा चिखल दिसताच, चाके फिरू लागण्यापूर्वी, चारी चाके जोडून घ्यावी. आणि लो मध्ये टाकताना गाडी थांबवावी. हे मला त्याच मिस्त्रींनी सांगितले, आणि पुस्तकातही तेच आढळले.

तथापि चारी चाके जोडल्याने सर्व संकटे टळतात असे मात्र नाही. पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आसांवर डिफरन्शियल आहेच. पुढचे एक व मागचे एक अशी तिरपी दोन चाके अधांतरी किंवा चिखलात सापडली तर चारी चाकांची गाडीही अडते. यावर उपाय म्हणजे जू दांडीस आवळून बांधावे तसे डिफरन्शियल काही वेळ जखडून टाकणे. मग दोन्ही चाके एकत्रच फिरतात आणि ज्यास पकड आहे ते गाडी ओढते. अलीकडील कित्येक गाड्यांत अशी सोय असते. काहींत विजेचे यंत्र फिरणाऱ्या चाकास क्षणभर ब्रेक लावते, म्हणजे जोर आपोआप दुसऱ्या चाकाकडे वळतो. आणखी एक गोष्ट तरुण चालकांनी ध्यानात ठेवावी. ब्रेक प्रत्येक गाडीस चारी चाकांना असतातच. त्यामुळे चारी चाकांची गाडी चिखलातून निघते लवकर, परंतु ओल्या रस्त्यावर थांबते मात्र इतरांइतक्याच अंतरात.

आता गाडीखालून बाहेर येऊन चरित्राकडे वळू. अशी ही गाडी, आणि ती पाहणारा सात लक्ष खेड्यांच्या देशातला मनुष्य! त्या काळी आपल्याकडील बहुसंख्य खेड्यांस बारमाही रस्ता नव्हता. पावसाळ्याचे चार महिने नदीपलीकडील गाव म्हणजे परदेश. श्रीमंतांच्या बंगल्यांसाठी मोटारी आणणारे व्यापारी मुंबई-कलकत्त्यास पुष्कळ होते. रस्ता नाही तेथे जाणारी गाडी आणावी, हा विचार निराळा होता.

परंतु आरंभ गाड्यांनी झाला नाही. अमेरिकेहून परतल्यावर कैलाशचंद्र, जगदीशचंद्र आणि त्यांचे स्नेही गुलाम मोहम्मद अशा तिघांनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली. तिचे नाव महिंद्रा आणि मोहम्मद. त्याच वर्षी त्यांनी वृत्तपत्रांतून आपल्या धंद्याची तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत मनुष्याची बढती त्याचा वर्ण, धर्म किंवा जात पाहून नव्हे तर त्याची योग्यता पाहून होईल असे वचन दिलेले होते. १९४५ साली, हिंदू व मुसलमान भागीदारांच्या एका नव्या कंपनीने हे वचन द्यावे, याचे मोल पुढील दोन वर्षांत काय घडले ते ठाऊक असणाऱ्यासच कळेल.

१९४७ साली फाळणी झाली. लुधियाना हिंदुस्थानात राहिले, लाहोर गेले. ज्या लाहोरच्या कॉलेजात कैलाशचंद्र शिकले ते परराष्ट्रात गेले, आणि भागीदारही गेला. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९५१ साली ते तेथील गव्हर्नर-जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्रा आणि महिंद्रा असे करण्यात आले. इंग्रजी आद्याक्षरे तीच राहिली. मधला मनुष्य तेवढा बदलला. १९५५ च्या प्रजासत्ताकदिनी हेच गुलाम मोहम्मद पाहुणे म्हणून दिल्लीस आले, आणि त्यानंतर दुसऱ्याच वर्षी वारले. दोन देशांच्या भांडणाचे हिशेब पुष्कळ मांडले गेले आहेत. अशा मोडलेल्या भागीदाऱ्यांचा हिशेब कोणत्याच वहीत सापडत नाही.

त्याच धामधुमीच्या वर्षी, १९४७ साली, विलिस कंपनीकडून सुट्या भागांच्या पेट्यांतून ७५ गाड्यांची पहिली खेप मुंबईस आली. माझगाव येथे त्या जोडण्यास आरंभ झाला, आणि ३ जून १९४९ रोजी तेथे बांधलेली पहिली विलिस जीप बाहेर पडली. हे काम पाहून नाके मुरडणारेही होते. पेट्या फोडून बोल्ट आवळणे यास कारखाना म्हणावे काय, असा त्यांचा आक्षेप. आणि तो अगदीच खोटा नव्हता. जोडणीत मजूर शिकतो, पण धातू ओतणे, दंतचक्रे कापणे, इंजिन घडविणे हे दूरच राहते. १९५३ साली सरकारने ठरविले की, ज्या कंपन्या देशातच गाड्या घडविण्याची योजना आखतील त्यांनीच येथे राहावे. तेव्हा वर्षानुवर्षे येथे जोडणीचे काम करणाऱ्या फोर्ड व जनरल मोटर्स या बलाढ्य कंपन्यांनी आपला गाशा गुंडाळला. महिंद्रांपुढे प्रश्न उभा राहिला. पोलादाचा व्यापार चालला होता. जीप सोडून दिली असती तर घरातील चूल विझली नसती. वडील बंधू जगदीशचंद्र १९५१ सालीच निवर्तले होते. साठीच्या उंबरठ्यावरील कैलाशचंद्रांनी हा भार एकट्याने उचलावयाचा होता. त्यांनी घडविण्याचा मार्ग पत्करला. १९५४ साली विलिस कंपनीशी तसा करार झाला आणि जीपचे एकेक अंग येथेच घडू लागले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धैर्याची गोष्ट ती हीच. पहिली जीप जोडणे हे त्यामानाने सोपे होते.

जीप खेड्यांत कशी पोचली हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस आठवत असेल. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकासयोजना सुरू झाली आणि विकासगटाच्या अधिकाऱ्यास जीप मिळू लागली. १९५३ साली हिवतापाविरुद्ध देशव्यापी मोहीम निघाली; फवारणीची पथके जीपमधून हिंडू लागली. गावात जीप आली की साहेब आला, असे समीकरणच होऊन बसले, आणि त्यात थोडा उपहासही होता. कारण कित्येक साहेब जीपमधून खाली उतरतच नसत. परंतु ओढ्यास पाणी असताना पलीकडच्या गावास लस व औषध पोचले तेही याच गाडीने, हे विसरून चालणार नाही. पुढे रस्ते सुधारले, इंधन महागले, आणि स्वस्त अशा दोनच चाकांनी ओढणाऱ्या जीपही निघाल्या. म्हणून बाह्य रूप जीपचे किंवा दणकट पिकअपचे असले तरी आत लहान दांडा आहे की नाही हे खरेदीपूर्वी पाहून घ्यावे, आणि आपल्या रोजच्या वाटेस त्याची खरोखरीच गरज आहे काय याचाही विचार करावा. ज्याची गाडी सदोदित डांबरी रस्त्यावरच धावते त्याने त्या दांड्याचे अधिक पैसे, अधिक वजन आणि अधिक इंधन व्यर्थ का सोसावे?

कैलाशचंद्रांच्या इतर कामांचा येथे नुसता उल्लेख पुरे. कोळसाखाणींच्या चौकशी-समितीचे ते अध्यक्ष होते. ती महिंद्रा समिती म्हणूनच ओळखली जाते. मोटारी व ट्रॅक्टर यांच्या उद्योगाचा विचार करणाऱ्या सरकारी मंडळाचेही अध्यक्षपद त्यांजकडे होते. रिझर्व्ह बँकेसारख्या संस्थांच्या संचालक मंडळांवर त्यांनी काम केले.

एका कामाविषयी मात्र शाळेच्या अंकात अधिक लिहिले पाहिजे. १९५३ साली, म्हणजे कारखान्यापुढे तो बिकट प्रश्न उभा होता त्याच वर्षी, त्यांनी शिक्षणासाठी एक न्यास स्थापिला. उच्च शिक्षणास परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांस या न्यासातून बिनव्याजी कर्जरूपाने साहाय्य मिळते. देणगी नव्हे, कर्ज. घेणाऱ्याने मान ताठ ठेवून घ्यावे व कमावता झाल्यावर फेडावे, म्हणजे ते पुढच्या मुलास मिळेल. पित्यावाचून वाढलेल्या ज्या मुलास भावाने केंब्रिजला धाडले होते, त्यास ही योजना सुचावी यात नवल नाही. याच न्यासाने १९९६ साली नन्ही कली या नावाने गरीब घरच्या मुलींच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. आमच्या शाळेतील दहावीच्या मुलांनी व त्यांच्या पालकांनी या न्यासाचे नाव टिपून ठेवण्यासारखे आहे. पाच-सहा वर्षांनी कोणास तरी त्याची गरज पडेल.

१९६३ साली कैलाशचंद्रांचा अंत झाला. कंपनीची धुरा त्यांचे चिरंजीव केशव महिंद्रा यांनी उचलली व ती जवळजवळ पन्नास वर्षे वाहिली. कैलाशचंद्र गेले त्याच वर्षी, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर व आपल्याकडील व्होल्टास यांच्या सहकार्याने ट्रॅक्टर घडविण्यासाठी नवी कंपनी स्थापन झाली. तिचा पहिला ट्रॅक्टर बी-२७५. त्यास चारी चाकांचा जोर नव्हता. मागच्या दोन थोरल्या चाकांवर सारा भार घेऊन तो काळी जमीन उलथीत असे. ट्रॅक्टरांच्या उद्योगाचा विचार करणाऱ्या मंडळावर कैलाशचंद्रांनी इतकी वर्षे आधी काम केले होते, पण हा ट्रॅक्टर काही त्यांच्या दृष्टीस पडला नाही.